मॅक्रो फोटोत अख्खा किडा शार्प कसा आणायचा: आधी कोन, मग अंतर, मग ॲपर्चर, शेवटी स्टॅकिंग

गेल्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस झाला आणि दोन दिवसांनी माझ्या भाच्यानं बेळगावच्या अनगोळहून मला एक फोटो पाठवला. बांधावरच्या लाल मातीत मृगाचा किडा, तोच मखमली लालभडक, पण फोटोत त्याचे पुढचे दोन पाय तेवढे लख्ख आणि मागं नुसता लाल धुरळा. खाली लिहिलेलं, "मामा, पुढचं दोन पाय तेवढं शार्प आणि मागचं समदं धुरकट असं का येऊलालंय? लेन्स खराब लागली काय?"

लेन्स चांगली होती, फोकसही बरोबर लागलेला. त्याला मी फोनवर जे सांगितलं आणि नंतर दोन-तीन रविवार वडगाव-येळ्ळूर रस्त्याच्या शेतांत फिरून जे करून दाखवलं तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणं, नवीन सुरू केलेल्या प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो आणि बहुतेकांना एकच उत्तर मिळतं की "ॲपर्चर बंद कर", म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक लहान कर. ते उत्तर अर्धवट आहे, आणि त्यात पुढं एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः एक अख्खा पावसाळा घालवलाय.

आधी हे समजून घ्या की फोकस म्हणजे काय

भाकरी तव्यावर फुगली की तिचा वरचा पापुद्रा सुटतो बघा, तसा फोकस म्हणजे कॅमेऱ्यासमोर हवेत उभा असलेला एक पातळ पापुद्रा समजा. कॅमेऱ्याच्या आत फोटो टिपणारी चकचकीत पट्टी असते ती सेन्सर, तो पापुद्रा तिला समांतर असतो. त्या पापुद्र्यात जे येतं ते शार्प, त्याच्या अलीकडचं पलीकडचं धुरकट. लांबचा डोंगर काढताना हा पापुद्रा मैलभर जाड असतो म्हणून आपल्याला तो कळत पण नाही. किड्याच्या जवळ गेलं की तो मिलिमीटरच्याही आत येतो.

किती आत ते आकड्यात सांगतो. माझा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे तो क्रॉप सेन्सर, फुल फ्रेमपेक्षा लहान. एफचा आकडा म्हणजे ॲपर्चरचं माप, आकडा जितका मोठा तितकं भोक लहान. १:१ मॅग्निफिकेशनला, म्हणजे १० मिलिमीटरचा किडा सेन्सरवर पण १० मिलिमीटरच पडतो तेव्हा, एफ ४ ला पापुद्रा साधारण ०.३ मिमी, एफ ८ ला ०.६ मिमी आणि एफ १६ ला १.३ मिमी. मृगाचा किडा सेंटिमीटरभर लांब. म्हणजे एफ १६ वर सुद्धा समोरून काढलात तर किड्याचा आठवा हिस्सा शार्प येणार, बाकी नाही. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर हे आकडे दीडपट धरा. आणि २:१ ला गेलात, म्हणजे किडा सेन्सरवर दुप्पट मोठा, तर एफ ८ चा पापुद्रा पाव मिलिमीटरवर येतो.

एक गैरसमज इथंच काढून टाका. पुष्कळ जण म्हणतात की १०० ची मॅक्रो लेन्स सोडून ६० ची घेतली तर जास्त भाग शार्प येतो. मॅग्निफिकेशन तेच आणि ॲपर्चर तेच असेल तर पापुद्रा जवळजवळ तेवढाच राहतो, फोकल लेंग्थनं, म्हणजे त्या १०० किंवा ६० च्या आकड्यानं, फरक पडतो तो मागच्या बॅकग्राउंडला आणि किड्यापासून तुम्ही किती लांब उभं राहू शकता त्याला. त्यासाठी पैसे घालायचे तर घाला, पण जास्त फोकस मिळेल म्हणून नको.

घरात करायचा पहिला सराव

शेतात जायच्या आधी हे करा, अर्धा तास लागतो. शाळेची प्लॅस्टिकची पट्टी घ्या, टेबलावर पुस्तकाला टेकवून ४५ अंशात तिरकी ठेवा, कॅमेरा समोर सरळ धरून पट्टीवरच्या एका आकड्यावर फोकस लावा, आणि एफ ४, एफ ८, एफ ११, एफ १६, एफ २२ असे पाच फोटो काढा. कॉम्प्युटरवर पूर्ण मोठे करून बघा आणि प्रत्येकात किती मिलिमीटरच्या रेघा स्वच्छ दिसतात ते मोजा. पट्टी तिरकी आहे म्हणून आलेल्या आकड्याला ०.७ नं गुणा, ती तुमच्या लेन्सची खरी खोली. एका वहीत लिहून ठेवा. हा कागद पुढं स्टॅकिंगला, म्हणजे बरेच फोटो जोडून एक करायला, रोज लागणार आहे, म्हणून टाळू नका.

आणि हे करताना अजून एक गोष्ट डोळ्याला दिसेल, एफ २२ ला जास्त रेघा दिसतात खऱ्या, पण सगळ्याच जरा मऊ दिसतात, एफ ८ वाली मधली रेघ जेवढी कापल्यासारखी आहे तेवढी एकही नाही. त्याचं कारण ॲपर्चरच्या भागात सांगतो.

पायरी पहिली: पापुद्रा किड्याच्या अंगावर आडवा घाला

ही पायरी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त फायदा हिचाच. पापुद्रा पातळ आहे हे खरं पण तो लांबरुंद आहे, फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे किड्याचं अंग त्या पापुद्र्यात झोपवलं तर अख्खा किडा शार्प, आणि किडा पापुद्र्याला आडवा छेदून उभा असला तर नुसता एक काप शार्प.

फुलपाखरू पंख मिटून बसलंय, बाजूनं काढा, पंखाच्या बरोबर समोर. टाचणी पंख अंगाला लावून बसते, तीही बाजूनं. चतुर मात्र पंख पसरून बसतो, तो वरून काढलात तर चारी पंख आणि पाठ एका पातळीत येतात, बाजूनं काढलात तर अंग येतं पण अलीकडचा आणि पलीकडचा पंख जातो, तुम्हाला काय पाहिजे ते ठरवा. जाळ्यात बसलेला कोळी सगळ्यात सोपा, जाळं म्हणजेच एक पातळी, त्याच्या समोर सरळ उभं राहा. आंब्याची पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या फांदीवरून ओळीनं चालतात, त्यांच्या ओळीला बाजूनं समांतर राहिलात तर चार-चार मुंग्या एका फोटोत येतात.

समांतर आहे की नाही हे कसं बघायचं? कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक छोटी खूण असते, गोल आणि त्यातून आरपार गेलेली रेघ. ती रेघ म्हणजे आत सेन्सर कुठं आहे ते. वरून बघा आणि ती रेघ किड्याच्या पाठीच्या रेघेला समांतर आणा. वर-खाली पण बघा, बहुतेक जण डावी-उजवी बाजू बरोबर आणतात आणि कॅमेरा खाली झुकवून ठेवतात म्हणून पंखाचा वरचा भाग येतो आणि खालचा जातो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, मोठं करून आधी डोकं बघा, मग शेपटी बघा, दोन्हीतलं एक धुरकट असेल तर त्या बाजूला केसभर वळा. फोकस पीकिंग असेल तर चालू ठेवा, रंगीत कडा पाठीवरून सरळ धावताना दिसल्या की कोन जमला.

माझा स्वतःचा अनुभव असा की ज्या फोटोंना लोक "स्टॅक केलाय काय?" विचारतात त्यातले निम्मे एकच फोटो असतात, नुसता कोन नीट लावलेला.

समोरून, डोळ्याला डोळा भिडवून काढायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही होतो, आणि उडी मारणाऱ्या कोळ्याचे समोरचे चार डोळे सोडून द्यावे असं कुणाला वाटेल. काढा की. पण मग डोळे एका पातळीत आणा आणि बाकीचं अंग धुरकट जाऊ द्या, किंवा स्टॅक करा. मधलंच काहीतरी, तिरप्या कोनातून, एक डोळा शार्प आणि एक नाही, असा फोटो बघणाऱ्याला चुकलेलाच वाटतो.

पायरी दुसरी: जरा मागं सरका

मॅक्रो लेन्स घेतली की १:१ लाच काढायचं असं डोक्यात बसतं. त्याची गरज नसते. १:१ वरून १:२ वर आलात, म्हणजे किडा फ्रेममध्ये निम्मा दिसतोय, तर एफ ८ ला पापुद्रा ०.६ वरून १.९ मिमीवर जातो, तिप्पट. ॲपर्चर एफ ८ वरून एफ १६ करून नुसता दुप्पट मिळतो.

आता यात खरं काय ते पण सांगतो. तोच फोटो कापून किडा परत पहिल्याएवढा मोठा केलात तर धुरकटपणा पण मोठा होतो, म्हणून तिप्पट फायदा दीडपटीवर येतो. पण तो दीडपट सुद्धा थोडा नाही, शिवाय मागं सरकल्यामुळं हात कमी हललेला दिसतो, उजेड वाढतो, किडा बिचकत नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो असा निम्म्या लांबीरुंदीला कापला तर ६ मेगापिक्सेल उरतात, आणि ६ मेगापिक्सेलमध्ये १२ बाय ८ इंचाची प्रिंट चांगली येते. मोबाईलवर बघायला तर कितीतरी जास्त.

याच कारणानं मोबाईलचा मॅक्रो कधीकधी मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त शार्प दिसतो. सेन्सर एवढासा, त्यामुळं तीच फ्रेम भरायला मॅग्निफिकेशन कमी लागतं आणि पापुद्रा जाड मिळतो. ज्यांच्याकडं कॅमेरा नाही त्यांनी क्लिपची लेन्स लावून बिनधास्त सुरुवात करावी, पहिली पायरी त्यांनाही तशीच लागू आहे.

पायरी तिसरी: ॲपर्चर, पण कुठं थांबायचं ते ओळखून

माझा खड्डा हा. पहिल्या पावसाळ्यात मला कुणीतरी सांगितलं की मॅक्रोला एफ ३२ ठेव, मी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला सगळीकडं एफ ३२ वर फोटो काढत फिरलो, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं अख्खं शार्प दिसायचं, घरी येऊन मोठं करून बघितलं की प्रत्येक फोटो साबणाच्या पाण्यातून काढल्यासारखा. एकाही किड्याच्या अंगावरचा केस सुटा दिसत नव्हता. ते दिवस परत आले नाहीत, म्हणून हा भाग नीट वाचा.

ॲपर्चरचं भोक लहान होत गेलं की उजेड त्याच्या कडेवरून पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. त्यामुळं एक टिंब सेन्सरवर टिंब म्हणून न पडता छोटी चकती म्हणून पडतं. आणि मॅक्रोमध्ये अजून एक भानगड, जवळ गेलं की लेन्सचा एफ नंबर सांगतो एक आणि वागतो दुसराच. हिशेब सोपा आहे: मॅग्निफिकेशनमध्ये एक मिळवा आणि त्यानं लावलेल्या एफ नंबरला गुणा. १:१ ला एफ १६ लावलात तर तो वागणार एफ ३२ सारखा, आणि एफ ३२ लावलात तर एफ ६४ सारखा. निकॉनचे कॅमेरे मॅक्रो लेन्सला हा वाढलेला आकडाच दाखवतात, कॅनन लेन्सवरचा मूळ आकडा दाखवतं, म्हणून दोघा मित्रांचे आकडे जुळत नाहीत.

प्रत्यक्षातल्या एफ ३२ ला ती चकती ०.०४३ मिमी होते. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा एक पिक्सेल ०.००४ मिमी. म्हणजे एक टिंब दहा पिक्सेलवर पसरलं. तिथं किड्याचा केस कुठून दिसणार?

म्हणून माझा नियम असा, क्रॉप सेन्सरवर १:१ ला एकच फोटो काढायचा असेल तर एफ ८ ते एफ ११. फुल फ्रेमला एफ ११, फार तर एफ १६. २:१ ला गेलात तर एफ ५.६ ते एफ ८. नंतर कापायचं ठरवून काढताय तर अजून एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा करणारी एक पायरी) उघडं ठेवा कारण कापल्यावर ही चकती पण मोठी होते. आणि स्टॅकिंग करणार असाल तर एफ ५.६ च्या आसपास, तिथं लेन्स सगळ्यात शार्प असते. पट्टीच्या सरावात तुमच्या लेन्सचा आकडा कळतोच, माझ्यावर विश्वास ठेवू नका, पट्टीवर ठेवा.

उजेड नसला तर यातलं काही होत नाही

एफ ११ आणि १:१, म्हणजे उजेड फारच कमी. १:१ ला तसेही दोन स्टॉप कमी होतात. आपल्याकडं पावसाळ्यात आभाळ भरलेलं, खानापूरच्या पुढं जंगलात दुपारी सुद्धा संध्याकाळ. म्हणून फ्लॅश. मी कॅमेरा मॅन्युअलवर ठेवतो, शटर १/२००, आयएसओ २००, एफ ११, आणि फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ ताकदीपासून सुरू करून वर-खाली करतो. कमी ताकदीवर फ्लॅशची चमक इतकी छोटी असते की हात किंवा पान जरा हललं तरी फोटो गोठून येतो, शटरपेक्षा तो उजेडच किड्याला थांबवतो.

पण नागडा फ्लॅश मारू नका, किड्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो आणि त्याखालचं सगळं जातं. एक पांढऱ्या प्लॅस्टिकचा डबा कापा, आतून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल लावा, तोंडावर बटर पेपरचे दोन थर, आणि तो किड्याच्या जितका जवळ येईल तितका जवळ आणा. उजेडाचा स्रोत किड्याच्या मानानं मोठा झाला की सावल्या मऊ होतात. मृगाच्या किड्याला अजून एक काळजी, तो इतका लाल असतो की बाकी हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, नीट दिसतो आणि लाल चॅनेल एकटाच फुटतो, मखमल जाऊन लाल रंगाचा गोळा उरतो. आरजीबी हिस्टोग्राम बघा आणि अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवा.

पायरी चौथी: हातात कॅमेरा धरून फोकस

ऑटोफोकस बंद करा. १:१ ला तो पुढं-मागं शिकार करत बसतो आणि तोवर किडा गेला. मॅग्निफिकेशन किती पाहिजे ते ठरवून फोकसची रिंग तिथंच सोडून द्या आणि आता स्वतः पुढं-मागं व्हा, अगदी मिलिमीटरनं, पापुद्रा डोळ्यावर आला की शटर दाबा. श्वास अर्धा सोडून थांबलात तर बरं.

आधार शोधा. कोपर मांडीवर, गुडघा जमिनीवर. वेळूची एक सरळ काठी कमरेएवढी घ्या, डाव्या हातानं काठी आणि लेन्स एकत्र पकडा, एवढ्यानं हलणं निम्मं होतं. किडा गवताच्या काडीवर असेल तर तीच काडी डाव्या हाताच्या दोन बोटांत हळू धरून लेन्सचं तोंड त्याच मनगटावर टेकवा, मग वारा आला तरी काडी आणि लेन्स बरोबरच हलतात. जमिनीवरच्या किड्यासाठी जुन्या कापडाची पिशवी शिवून त्यात जोंधळे भरा, कॅमेरा त्यात रुतवून ठेवता येतो, ट्रायपॉडपेक्षा खाली जातो.

आणि वेळ. आमच्याकडं थंडीत, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, सूर्य उगवायच्या आधी भाताच्या कापणीनंतर राहिलेल्या धाटांत आणि बांधावरच्या गवतात जाऊन बघा, चतुर, टाचण्या, फुलपाखरं दवानं भिजून गोठून बसलेली असतात, अंग गरम झाल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. वाराही नसतो. राजहंसगडाच्या मागून ऊन वर येईपर्यंत तुमच्या हातात वेळ आहे आणि स्टॅकिंगला याच्याइतकी चांगली वेळ दुसरी नाही. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवणारे, काडीला चिकटवणारे लोक मी बघितलेत. तसं करू नका. पहाटे उठायचं जमत नसेल तर फूल काढा, पान काढा, पण जिवंत जीवाला असं धरू नका.

पायरी पाचवी: स्टॅकिंग

आता मुख्य गोष्ट. एका फोटोत एक पापुद्रा मिळतो ना, मग एकामागं एक पापुद्रे काढायचे आणि कॉम्प्युटरवर प्रत्येकातला शार्प भाग घेऊन एक अख्खा फोटो जोडायचा. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात.

किती फोटो लागतील ते वहीतल्या आकड्यावरून काढा. उदाहरणाला मृगाचा किडा, १:१, क्रॉप सेन्सर, एफ ५.६. पापुद्रा ०.४५ मिमी. दोन पापुद्रे एकमेकांवर तीसेक टक्के चढले पाहिजेत नाहीतर मध्ये धुरकट पट्टा राहतो, म्हणून पाऊल ०.३ मिमीचं. किड्याचा पुढच्या पायापासून पाठीच्या उतारापर्यंत ५ मिमी भाग शार्प पाहिजे. ५ भागिले ०.३, साधारण १७ फोटो. दोन अलीकडं, दोन पलीकडं जास्तीचे. एकवीस.

हे फोटो काढायचे तीन रस्ते आहेत.

हातात धरून: कॅमेरा बर्स्टवर (एकापाठोपाठ एक फोटो निघतात तो मोड), किड्याच्या किंचित अलीकडं फोकस ठेवून हळूहळू अंग पुढं न्या आणि शटर दाबून ठेवा. पाच-सहा फोटोंचा छोटा स्टॅक यानं छान होतो. फ्लॅश वापरत असाल तर त्याला दोन फोटोंमध्ये भरायला वेळ पाहिजे, म्हणून ताकद १/३२ वर आणा. फ्रेम थोडी डावी-उजवी सरकते ते सॉफ्टवेअर जुळवून घेतं, पण कोन बदलला तर जुळत नाही, म्हणून सरळ रेषेत पुढं जा, कमरेतून वाकू नका, पूर्ण अंगानं पुढं व्हा.

कॅमेऱ्यातलं फोकस ब्रॅकेटिंग: तुमच्या कॅमेऱ्यात आहे का ते मेनूत शोधा, बऱ्याच जणांकडं असतं आणि माहीत नसतं. निकॉन याला फोकस शिफ्ट म्हणतं, २०१७ च्या डी ८५० मध्ये ते आलं, कॅननमध्ये २०१९ च्या ईओएस आरपीपासून दिसायला लागलं, ऑलिंपसमध्ये त्याआधीपासून आहे. किती फोटो आणि पाऊल केवढं एवढं दोन सांगायचं. पाऊल १ ते १० असं असतं, मिलिमीटर नसतात, त्यामुळं तिरक्या पट्टीवर परत एकदा चाचणी घेऊन आपल्या ॲपर्चरला कुठला आकडा बसतो ते काढा, शंका असेल तर छोटा आकडा, फोटो जास्त झाले तर बिघडत नाही. सुरुवातीचा फोकस किड्याच्या सगळ्यात जवळच्या टोकाच्याही जरा अलीकडं लावा, कॅमेरा तिथून पलीकडं जात राहतो. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत यावेळी इलेक्ट्रॉनिक शटर लागतं आणि फ्लॅश पेटत नाही, मग नैसर्गिक उजेड किंवा बॅटरीवरची एलईडी. घरातली साधी ट्यूब किंवा बल्ब वापरलात तर फोटोत आडवे पट्टे येतात.

फोकसिंग रेल: ट्रायपॉडवर बसवायची सरकती पट्टी, स्क्रू फिरवला की कॅमेरा पुढं जातो. १:१ पर्यंत मी रेलच्या भानगडीत पडत नाही, लेन्सचा फोकस पुरतो. १:१ च्या पुढं, उलटी लावलेली ५० ची लेन्स किंवा बेलोज (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा घडीचा भाता) असेल तर रेलच पाहिजे. रेलच्या खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, स्क्रूचे दहा फेरे द्या, कॅमेरा किती मिलिमीटर सरकला ते पट्टीनं मोजा आणि दहानं भागा, मग ०.३ मिमीला किती फिरवायचं ते कळेल. प्रत्येक फोटोला दोन सेकंदांचा टायमर लावा, हाताचा हादरा जाऊ द्या.

तिन्हीला सारखं लागू असलेलं: एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स एकच ठरवलेला, ऑटो आयएसओ बंद. आणि फ्रेमला कडेनं थोडी जागा सोडा कारण फोकस सरकताना चित्र किंचित लहान-मोठं होतं, जुळवल्यावर कडा कापाव्या लागतात.

कणकुंबी-चोर्ल्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात गवती दवबिंदू उगवतो, किडे खाणारी वनस्पती, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. स्टॅकिंग शिकायला याच्यासारखं दुसरं काही नाही, ते हलत नाही आणि एका फोटोत कधीच मावत नाही. तिथं दोन गोष्टी सांभाळा. वारा, तिथं घाटावरून सरळ येतो, त्यासाठी शेजारी एक काडी रोवून कपड्याच्या चिमट्यानं रोपाजवळचं गवत धरून ठेवा आणि आपण स्वतः वाऱ्याच्या बाजूला बसा. आणि पाय. सड्यावरची माती दोन बोटं जाड असते, एका फोटोसाठी झोपलात तर खाली पन्नास रोपं जातात. कातळ बघून त्यावरच पाय ठेवा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जाणार असाल तर वन खात्याची परवानगी आधी.

कॉम्प्युटरवर

रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या, फोटोंना आधी सगळ्यांना एकसारखं एक्स्पोजर आणि रंग द्या, शार्पनिंग जवळजवळ बंद, सोळा बिटचे टिफ काढा. लाइटरूम एकट्यानं फोकस स्टॅक जोडत नाही. फोटोशॉपमध्ये सगळे फोटो एका फाइलमध्ये लेयर म्हणून घ्या, ऑटो अलाइन करा, मग ऑटो ब्लेंडमध्ये स्टॅक इमेजेस. दहा-पंधरा फोटोंना पुरतं. रोजचं काम असेल तर हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर घ्या. पैसे घालायचे नसतील तर पिकोले फुकट आहे, हगिन आणि एनफ्यूजची जोडीही.

झेरीनमध्ये दोन पद्धती. पीमॅक्स केस, मिशा, एकमेकांवर आलेले पाय चांगले जोडतं पण कॉन्ट्रास्ट आणि ग्रेन वाढवतं. डीमॅप गुळगुळीत पाठ, पाकळी, रंग चांगले ठेवतं पण केसांच्या कडेला धुरकट वलय सोडतं. हेलिकॉनमध्ये सी आणि बी यांचं नातं साधारण असंच. मी दोन्ही काढतो, डीमॅपचा फोटो खाली ठेवून केसांची जागा पीमॅक्समधून ब्रशनं भरतो.

जोडल्यावर १०० टक्के मोठं करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. एकाच मिशीच्या दोन मिशा दिसल्या तर मध्येच किड्यानं ती हलवलीये, ज्या फोटोत ती स्वच्छ आहे त्या एकाच फोटोतून ती जागा परत भरा. शार्प-धुरकट-शार्प असा पट्टा दिसला तर पाऊल मोठं पडलं किंवा एक फोटो गाळला गेला, याला नंतर इलाज नाही, म्हणून जागेवरच दोनदा स्टॅक काढायची सवय ठेवा. बॅकग्राउंडवर एका रेषेत टिंबांची माळ दिसली तर तो सेन्सरवरचा एकच कण, प्रत्येक फोटोत जरा सरकत गेलेला. पावसाळ्याच्या आधी सेन्सर साफ करून घेतलात तर हा त्रास वाचतो. आणि स्टॅकमधले मागचे फोटो, ज्यांत बॅकग्राउंडच शार्प व्हायला लागलंय, ते काढून टाका, सगळंच शार्प केलं तर किडा गवतात हरवतो. कुठं थांबायचं ते नजरेनं ठरवा, मला किड्याच्या मागच्या पायावर थांबलेलं आवडतं.

भाच्यानं या मृगाला परत तोच किडा काढला, म्हणजे तसाच दुसरा, येळ्ळूरच्या बांधावर, जोंधळ्याच्या पिशवीवर कॅमेरा ठेवून. किड्याला आधी बाजूनं घेतला आणि एफ ११ वर एकच फोटो, त्यात जवळजवळ सगळी पाठ आली. मग तिरक्या कोनातून एफ ५.६ वर एकवीस फोटो. त्यातले चौदा वापरले, पुढचा डावा पाय दोनदा आलेला तो सहाव्या फोटोतून भरला. रात्री फोन आला, "मामा, पायावरचं केस मोजता येऊलालेत."